गुण औषधाचा, दोष पथ्याचा

मराठी माणूस वाचत नाही, हे आम्हा मराठीच्या अध्यापकांचे नेहमीचे रडगाणे. ते गाणाऱ्याने एकदा नांदेडहून लातूरला एस.टी.ने जावे, खिडकीजवळची जागा मिळाली तर फारच उत्तम. सगळ्या रस्त्याने भिंती लिहिलेल्या आहेत आणि प्रवासी त्या मोठ्या आवडीने वाचीत असतात. विहिरींचे कठडे, बंद पडलेल्या जिनिंगचे कोट, पुलांच्या बाजू, शाळांच्या पाठभिंती, काही म्हणून कोरे सोडलेले नाही. विषय मात्र ठरलेले. मूळव्याध, मुतखडा, मधुमेह, गुडघेदुखी, टक्कल, लठ्ठपणा, मूल न होणे, आणि चारचौघांत ज्याचा उच्चार करावयाचा नाही तो 'गुप्तरोग'. पिवळ्या रंगावर लाल अक्षरे. शुद्धलेखनाकडे काणाडोळा केला तर भाषा मोठी ठसठशीत. 'मुळासकट', 'विनाऑपरेशन', 'हमखास', 'एकदा भेटाच'. अतिशयोक्ती हा अलंकार वर्गात शिकविताना मला उदाहरणांची वाण कधीच पडत नाही.

माझे हे वाचन गेली वीस वर्षे चालू आहे. आमच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला झाली आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आले. तेव्हा कधी पेपर तपासणी, कधी तोंडी परीक्षा, कधी एखादी बैठक, अशा निमित्तांनी प्राध्यापकांची या रस्त्यावर सतत ये-जा असते. अलीकडे एवढाच फरक पडला आहे, की शेजारचा प्रवासी भिंतीऐवजी हातातल्या मोबाइलमध्ये बघतो. तेथे एक पांढरा कोट घातलेले गृहस्थ मधुमेह एकवीस दिवसांत पळवून लावीत असतात. भिंतीवर निदान गावाचे नाव आणि दुकानाची खूण तरी असे. मोबाइलमधल्या गृहस्थांचे गाव कोणते, ते काही कळत नाही.

पहिली काही वर्षे मला या सगळ्याची नुसती मौज वाटत असे. पुढे एक प्रश्न सतावू लागला. हे वाचणारी आणि त्यावर पैसे खर्च करणारी माणसे भोळी नाहीत. ती आडतीवर वजनकाट्याकडे टक लावून उभी राहतात. बैल घेताना त्याचे दात मोजतात. मुलीला स्थळ आले तर चार गावांत चौकशी करतात. औषधाच्या बाबतीत मात्र त्यांची ही चौकसबुद्धी कोठे जाते? या प्रश्नाचे उत्तर मला कोणा ग्रंथात सापडले नाही. ते याच रस्त्यावर थोडे थोडे करून मिळाले.

सुरुवात नांदेडपासूनच करू. हे गाव १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून दवा, हकीम, अर्क, माजून हे शब्द सहज येतात. वैद्यकाच्या दोन्ही जुन्या परंपरा येथे नांदत आल्या आहेत. शासनाचे आयुर्वेद महाविद्यालय येथे आहे आणि आयुर्वेद-युनानी औषधे तयार करणारी शासकीय रसशाळाही आहे. म्हणजे पुस्तके वाचून, परीक्षा देऊन शिकलेले वैद्य या गावाला नवे नाहीत. भिंतीवरच्या जाहिराती ज्यांच्या नावाने चालतात, त्या शास्त्रांचे हे खरे अभ्यासक. पण त्यांच्या दाराशी गेलेल्या माणसाला नाडी, जीभ, झोप, भूक, सगळे विचारले जाते आणि 'हमखास' हा शब्द काही ऐकावयास मिळत नाही. भिंत काही विचारीत नाही आणि हमी आधी देते.

हैदराबादहून आलेली एक बाटली मात्र मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतून ठाण मांडून बसलेली आहे. तिचे नाव 'जिंदा तिलिस्मात'. हकीम मोईजुद्दीन फारुकी यांनी १९२० मध्ये हैदराबादेत हा धंदा सुरू केला. बाटलीवर एका काळ्या आफ्रिकी वीराचे चित्र असते. निजामाच्या पदरी तसे शिपाई होते आणि ताकद म्हटली की लोकांना ते आठवत. नावाचा अर्थ 'जिवंत जादू'. आत काय आहे म्हणाल, तर मुख्यतः नीलगिरीचे तेल, शिवाय कापूर, पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल. चोंदलेल्या नाकाला त्याने आराम वाटतो, यात जादू काहीच नाही. याचेच मराठी मुलखातले थोरले भावंड म्हणजे अमृतांजन. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी ते १८९३ मध्ये मुंबईत सुरू केले आणि गाण्याच्या मैफिलींतून फुकट वाटून त्याचे नाव केले. डोके चढले असता कपाळाला काही झणझणीत लावावे, हे श्रोत्यांना तेथेच पटले असेल! या बाटल्या-डब्यांनी सर्दी-डोकेदुखीच्या माणसाला घटकाभर सुख दिले आणि फारशी कोणाची हानी केली नाही. लोकांच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसली, की नाव जादूचे असले तरी आतला माल खरा असू शकतो. पुढच्या अनेकांनी नाव तेवढे उचलले.

हैदराबादचाच दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, कारण त्याला जाहिरातच लागत नाही. मृगाच्या सुमारास, जून महिन्यात, दम्याचे रोगी गाड्या भरभरून तिकडे जातात. आमच्या नांदेड स्टेशनावरून हैदराबादेकडे जाणाऱ्या गाड्या आहेतच. बथिनी गौड घराण्यातली मंडळी एक पिवळे औषध जिवंत माशाच्या तोंडात भरतात आणि तो बोटाएवढा मासा रोग्याने तसाच गिळावयाचा असतो. माळकऱ्यांसाठी गुळाची सोय आहे. १८४५ पासून हे चालले आहे असे घराणे सांगते. औषधाचे पैसे घेत नाहीत, कृती कोणाला सांगत नाहीत. बुद्धिवादी मंडळी न्यायालयात गेल्यावर त्याला औषध म्हणण्याऐवजी प्रसाद म्हणू लागले. यातली महत्त्वाची गोष्ट मला पुष्कळ उशिरा लक्षात आली. मासा एकदा गिळून भागत नाही. तीन वर्षे लागोपाठ यावे लागते आणि प्रत्येक वेळी पंचेचाळीस दिवसांचे पथ्य असते. दमा हा चढउताराचा रोग. लहानपणचा दमा पुष्कळ मुलांना वाढत्या वयात आपोआप सोडून जातो. तीन वर्षांत ज्याला बरे वाटले, तो आयुष्यभर माशाचे गुण गातो. ज्याला वाटले नाही, त्याचे पथ्य कोठेतरी मोडलेले असते. पंचेचाळीस दिवसांत एकदाही न चुकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९५४ साली संसदेने औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. 'जादूचे उपाय' हे शब्द कायद्याच्या नावातच आहेत. त्याला जोडलेल्या यादीत चोपन्न रोग व अवस्था आहेत आणि त्या बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करावयाचा नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, मुतखडा, मोतीबिंदू, लठ्ठपणा, वंध्यत्व, इतकेच काय, माणसाची उंचीसुद्धा त्या यादीत आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. याविरुद्ध हमदर्द दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ मध्ये न्यायालयाने कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण असल्या धंदेवाईक जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, हे स्पष्ट सांगितले. वाचकहो, ती चोपन्न रोगांची यादी आणि नांदेड-लातूर रस्त्यावरच्या भिंती शेजारी शेजारी ठेवून पाहा. यादी कायद्याने केली आहे की रंगाऱ्याने, असा संभ्रम पडावा.

मोठ्यांच्या भिंती मोठ्या असतात, एवढाच फरक. भारतीय वैद्यक संघटनेने २०२२ मध्ये पतंजली आयुर्वेद कंपनीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत अवमानाची नोटीस काढली. एप्रिलमध्ये कंपनीने वर्तमानपत्रांतून माफी छापली, तेव्हा ही माफी तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढी मोठी आहे काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. ऑगस्टमध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण मिटविण्यात आले. याच सुनावणीत डॉक्टरांच्या संघटनेलाही, आधी आपले घर नीट करा, असे ऐकावे लागले. तेही योग्यच झाले. महागड्या आणि अनावश्यक औषधांची चिठ्ठी काही भिंतीवरचा रंगारी लिहीत नाही.

असो. न्यायालयाचा निकाल दिल्लीत लागतो आणि यात्रा माळेगावात भरते. नांदेडहून निघून लोहा मागे टाकले की हे खंडोबाचे माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात येथे मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, कुत्री, बैल यांचा बाजार, तमाशाचे फड, लावण्या, पाळणे, आणि या सगळ्यांच्या मधोमध जडीबुटीवाल्यांचे तंबू. एका वर्षी मी त्यातल्या एका तंबूसमोर चांगला तासभर उभा राहिलो. जमिनीवर फडके, फडक्यावर मुळ्या, साली, शिंगे, बिया, शिंपले, आणि एका बरणीत सांड्याचे म्हणून सांगितलेले तेल. (तो बिचारा सरडा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तेल बहुधा त्याचे नसतेच, हे त्याचे नशीब.)

त्या माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे होते. गर्दीतल्या एका वयस्क शेतकऱ्याला त्याने जवळ बसवून घेतले. "या बाबा, बसा. कवापासून दुखतंय? रातच्याला जास्ती दुखतं का सकाळच्याला? जिना चढताना कळ येती का? पोरं विचारतात का दुखण्याचं?" या शेवटच्या प्रश्नाला म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. वैदूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तो दहा मिनिटे काढलाच नाही. मग औषधाचे नाव, त्याच्या तीन पुड्या, आणि शेवटी हळू आवाजात पथ्य. "आंबट नको, तेलकट नको, बटाटा नको, वांगं नको. अन् बाबा, मनात शंका आणायची नाही. शंका आली की दवा मेली."

मी मराठीचा अध्यापक आहे. वाक्य कसे बेतलेले आहे हे पाहण्याची मला सवय आहे. औषध निष्फळ ठरले तर त्याचे खापर कोणावर फुटावयाचे, हे पैसे घेण्याआधीच ठरून गेले होते.

पण त्या दहा मिनिटांचे मोल मी कमी लेखीत नाही. आमच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतून डॉक्टर एका रोग्याला किती वेळ देऊ शकतो, हे रांगेत उभे राहिलेल्याला विचारावे. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. कारणांबद्दल पुष्कळ वाद झाला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वाद काहीही असो, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या तेलंगणातूनही रोगी ज्या दाराशी येतात, त्या दाराविषयी माणसाच्या मनात धाक बसला तर त्याला दोष कसा द्यावा? धाक बसलेला माणूस गुडघ्यावर हात ठेवणाऱ्याकडे जातो. शिवाय डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने स्वतःची जाहिरात करून रोगी गोळा करण्यास मनाई आहे. ज्याला कळते त्याने गप्प बसावयाचे आणि ज्याला कळत नाही त्याने भिंती रंगवावयाच्या, असा हा एकूण मामला.

महामार्ग सोडून आत गेले की मुखेड लागते. या तालुक्याच्या गावी वरील प्रश्नाच्या उत्तराचा फार महत्त्वाचा भाग आहे, म्हणून वाकडी वाट केली पाहिजे. येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी अनेक वर्षे सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार केले आणि २००५ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रातील दहा वर्षांचा अनुभव एका राष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडला. सापाचे विष उतरविणारे मांत्रिक आणि देवस्थाने आमच्या भागाला नवीन नाहीत. आणि गंमत अशी, की त्यांच्याकडून बरी होऊन आलेली माणसे खोटे बोलत नाहीत. ती खरोखरच बरी झालेली असतात.

याचे कारण सापांच्या जातींत आहे. शेतात भेटणारे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो पुरते विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकापुढे आणलेल्या रोग्यांतील पुष्कळ जण मुळातच मरणार नसतात. मांत्रिकाने लिंबाचा पाला फिरवला काय आणि नुसते वर्तमानपत्र वाचून दाखवले काय, ते उठून घरी जाणार. ज्याला मण्यार चावली तो मात्र मंत्र चालू असतानाच जातो, आणि मग मांत्रिक सांगतो, "उशिरा आणलं हो तुम्ही." देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली कितीतरी माणसे प्रतिविषाच्या सुईपर्यंत वेळेत पोहोचली असती तर वाचली असती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मुखेडचा हा धडा घेऊन पुन्हा भिंती वाचल्या म्हणजे त्या निराळ्या दिसू लागतात. गुडघा आपोआप कधी उतरतो, कधी चढतो. तो अगदी असह्य झाला की माणूस औषध शोधतो, आणि असह्य झालेले दुखणे पुढे बहुधा थोडे उतरतेच. मधुमेहाची साखर चार दिवस भात सोडल्यानेही खाली येते. मुतखडा लहान असला तर पाण्याबरोबर निघून जातो. हे सारे श्रेय पुडीला मिळते. काही पुड्यांत तर भलतीच 'जादू' असते. सांधेदुखीच्या बेनाव पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दुखणे दोन दिवसांत थांबते आणि हाडे, साखर, मूत्रपिंड यांची किंमत नंतर मोजावी लागते. अमेरिकेतल्या बोस्टनच्या परिसरात आपल्या लोकांच्या दुकानांतून मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. 'वनस्पतीचे आहे, अपाय तर नाही ना?' या आपल्या लाडक्या वाक्याचा हा ताळेबंद.

अहमदपूर, चाकूर करीत गाडी लातुरात शिरते आणि येथे भिंतीचा मजकूर एकदम पालटतो. रोगाची जागा परीक्षा घेते. 'लातूर पॅटर्न'चे हे गाव. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलेमुली येथे बारावीसाठी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी येतात. एका खोलीत चौघे राहतात आणि पहाटे चारला उठतात. जेथे इतका घोर आहे, तेथे त्याचे औषध विकणारा हवाच. स्मरणशक्तीची चूर्णे, एकाग्रतेचे सरबत, झोप उडविणाऱ्या गोळ्या. गावाकडे सोयाबीन विकून पोराची फी भरलेला बाप जाताना ही एक बाटलीही घेऊन देतो. आधुनिक औषधांना तर 'स्मरणशक्ती सुधारते' असा दावा करावयास आपल्या औषधविषयक नियमांची मनाईच आहे. पण सरबताच्या बाटलीवर डॉक्टर होऊ घातलेल्या हसऱ्या मुलीचे चित्र असते आणि बापाला ती आपली मुलगी वाटते. तिचा नंबर लागला तर सरबताचा गुण. नाही लागला तर पोरीनेच अभ्यास केला नाही.

लातूरला मी ज्या खानावळीत जेवतो ती एक मावशी चालवितात. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकाने आत गेले, की एका वाड्याच्या ओसरीवर तिची सहा बाके आहेत. पोरे येथे पोटभर जेवतात आणि पैसे कमी पडले तर मावशी पुढच्या महिन्यावर ढकलतात. त्यांना बरीच वर्षे मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घेत. एकदा गावातल्या कोणा हॉलमध्ये 'मीटिंग' झाली. टाय लावलेली मुले, पडद्यावर चित्रे, बरे झालेल्यांची भाषणे, आणि प्रत्येक बरा झालेला माणूस त्या बाटलीचा विक्रेताही. मावशींनी महिन्याला चार बाटल्या घेतल्या आणि सुई बंद केली. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा वाढणारी बाई दुसरीच होती. मावशी आत खाटेवर, उजव्या पायाला बँडेज. जखम चिघळून अंगठा काढावा लागला होता.

मला राग आला तो त्या बाटलीवाल्यांचा. मावशींना मात्र त्यांचा राग नव्हता.

"नाही हो सर, मीच पथ्य पाळलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, तिखट-तेलकट जिभेला लावायचं नाही म्हणून. मी फोन केला तर तेच म्हणाले. आता तुम्हीच सांगा, खानावळ चालवणाऱ्या बाईनं चव न घेता कालवण कसं करावं?"

एवढा पैसा आणि पायाचा अंगठा देऊन ही बाई वर अपराधी होऊन बसली होती. या धंद्याची सर्वांत क्रूर बाजू मला तेथे दिसली. पैसे गेले तर माणूस पुन्हा मिळवील. पण 'आपल्याच चुकीमुळे झाले' हे मनात बसले, की तो दुसऱ्या कोणाला सावधही करीत नाही. बरा झालेला हॉलमध्ये भाषण करतो, न झालेला घरात गप्प बसतो. ऐकणाऱ्याच्या कानावर म्हणून एकच बाजू येते.

सुदैवाने मावशी वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या. लातूरला वेळेवर पोहोचावे असे दवाखाने आहेत. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय सुरू केले. कुकड्यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. या रुग्णालयावर लोकांचा विश्वास बसावयास वर्षे लागली. एका संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तो बसला नाही. विश्वास ही चीज वाईट नव्हेच. रोगी डॉक्टरपुढे मान टाकतो तोही विश्वासानेच. फक्त तो कशावर टाकावा, याची काही परीक्षा हवी.

ती परीक्षा मला मावशींनीच सांगितली. पाय बरा होत आला होता. बारावीतली नात वहीत साखरेचे आकडे लिहीत होती. एका रकान्यात सकाळची साखर, दुसऱ्यात सुई, तिसऱ्यात काय खाल्ले ते. मावशी म्हणाल्या, "आमचे मालक होते तेव्हा पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. किती उगवले ते मोजायचे अन् किती कुजले तेही मोजायचे. सत्तर नाही उगवले तर बियाणं परत. दुकानदार कितीही गोड बोलू दे. मग औषधाचे दाणे कुणीच कसे मोजत नाही, सर?"

मी वीस वर्षे शोधीत होतो ते उत्तर असे गोणपाटात गुंडाळलेले होते. कृषिखाते शेतकऱ्यांना शिकविते ती उगवणशक्तीची चाचणी आणि औषधांच्या परीक्षेची शास्त्रीय पद्धत यांचे मूळ एकच आहे. शंभर घ्या, सगळे मोजा, कुजलेलेही मोजा, आणि औषध न घेतलेल्या शंभरांशी ताडून पाहा. आमची माणसे चौकस आहेत ती अशा वेळी. बैल, बियाणे, वजनकाटा यांच्या बाबतीत तोटा झाला तर तो मालाचा दोष मानण्याची त्यांना सवय आहे. औषधाच्या बाबतीत तोटा झाला तर तो स्वतःचा दोष मानावयास त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेले आहे. पथ्य मोडले, उशिरा आणले, शंका आणली, श्रद्धा कमी पडली. ज्या औषधाला अपयश येणे शक्यच नाही, त्या औषधाच्या यशाला काय अर्थ?

तेव्हा या दिवाळीत आपल्या घरी कोणी आप्त एखादी बाटली, पट्टा, गादी किंवा चूर्ण घेऊन आला, तर त्याच्याशी भांडू नये. तो बहुधा आपल्या भल्यासाठीच आलेला असतो. त्याला फराळाचे द्यावे आणि एवढेच विचारावे, की शंभर जणांनी घेतले तर किती जण बरे झाले, आणि जे झाले नाहीत त्यांना काय सांगितले? चालू असलेले औषध मात्र डॉक्टरला विचारल्याखेरीज एक दिवसही बंद करू नये.

गेल्या खेपेला मी लातूरला गेलो तेव्हा दुपारच्या पंगती उठत होत्या. एक तरुण मुलगा गुडघ्याला बांधावयाचे चुंबकाचे पट्टे घेऊन ओसरीवर आला होता. उन्हातान्हात फिरून त्याचा चेहरा उतरला होता. मावशींनी त्याचे सगळे बोलणे नीट ऐकून घेतले आणि मग त्याला शंभर जणांचा हिशेब विचारला. मुलगा गोंधळला. जरा वेळाने म्हणाला, "मावशी, गुण येतोच. फक्त पथ्य तेवढं—"

"ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लंस का? बस तिथं. भाकरी गरम आहे."